रोजच्या रात्रीच्या पातेल्यालाही पानावर जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतलं पाककृतींचं पान मी नेमाने वाचतो आणि त्यातलं जमेल ते करूनही बघतो. मध्यंतरी या पानावर कामाच्या दिवशी रात्री करायच्या व्हेज कॅसरोलची कृती आली होती. एकाच भांड्यातलं जेवण, चौघांना पुरेल एवढं, तयारीला 15 मिनिटं, असं वर चौकटीत ठळक छापलं होतं. (आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्या गरम ठेवायचा डबा डोळ्यांपुढे येतो. हे ते नाही. भाज्या, पास्ता किंवा भात, वर सॉस आणि चीज असं पसरट भांड्यात रचून ओव्हनमध्ये भाजतात, ते.) चवीबद्दल तक्रार नाही, घरात सगळ्यांनी आवडीने खाल्लं. पण ते एक भांडं कुठलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पास्ता उकडायला पातेलं, निथळायला चाळण, फ्लॉवर-गाजर-फरसबी वाफवायला दुसरं पातेलं, कांदा आणि ढोबळी मिरची परतायला कढई, लोणी-मैदा-दुधाच्या सॉसला तिसरं पातेलं, आणि मग हे सगळं ज्यात रचायचं ते काचेचं भांडं. त्यानंतर ओव्हन, 180 अंशांवर 40 मिनिटं. आमचा ओव्हन 1500 वॉटचा आहे. थर्मोस्टॅट मध्येमध्ये बंद होतो हे धरलं तरी पाऊण-एक युनिट वीज गेली. तयारीची 15 मिनिटं बहुधा भाज्या चिरून दुसऱ्या कोणीतरी हातात दिल्यावर सुरू होत असावीत.

मी स्वयंपाकातला जाणकार नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूम फिटर होतो, आता निवृत्त आहे. पत्नी परिचारिका आहे, तिची नोकरी अजून चालू आहे आणि बहुतेक आठवडे दुपारपाळी असते. मुलगी हिंजवडीला कामाला जाते. आई 84 वर्षांची आहे, तिच्या दातांचं म्हणाल तर पुढचे काही आणि एक दाढ. संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. आमच्याकडे रात्री जेवायच्या तीन पंगती होतात. आई सातला जेवते, त्यात पाच मिनिटांचाही उशीर तिला चालत नाही. मुलगी भूमकर चौकातल्या कोंडीतून सुटेल तेव्हा येते, साडेआठ धरा. पत्नी साडेनऊच्या पुढे. मी कधी आईबरोबर बसतो, कधी पत्नीबरोबर, आणि खरं सांगायचं तर थोडं थोडं दोन्ही वेळेला.

पोळी, भाजी, आमटी, भात असं चारी ठाव जेवण आमच्याकडे सकाळी होतं. डबे न्यायचे असतात, त्यामुळे त्याला पर्याय नाही. संध्याकाळी तेच चार पदार्थ पुन्हा मांडले तर तीन पंगतींना तीनदा चार भांडी गरम करायची, पोळ्या तोवर वातड झालेल्या, आणि आईला त्यातलं निम्मं चावत नाही. म्हणून रात्री आमच्याकडे एकच पदार्थ असतो, एका पातेल्यात. सोबत ताक, लोणचं, कधी काकडी. तोच सातला आईला मऊ लागला पाहिजे, साडेआठला मुलीला पोटभरीचा वाटला पाहिजे आणि साडेनऊला पाण्याचा हबका मारून गरम केल्यावरही चवीला उतरता कामा नये. हे तिन्ही जमवणारे पदार्थ आपल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पाककृतींच्या पानावर मात्र ते क्वचितच दिसतात, आणि दिसले तर अर्धवट लिहिलेले. माझं म्हणणं एवढंच आहे, ते जरा विस्ताराने मांडतो.

आधी आमच्या बार्शीकडच्या चकोल्या घेतो. पुण्यात याला वरणफळं म्हणतात, पत्नी वर्ध्याची आहे, तिकडेही वरणफळंच. गुजराती मंडळींची दाळढोकळी याच घराण्यातली. छापलेल्या कृतीत साधारण असं असतं: 'नेहमीप्रमाणे आमटी करून घ्यावी. कणकेच्या पोळ्या लाटून शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे कापावेत व उकळत्या आमटीत सोडावेत. चवीनुसार मीठ, गूळ, चिंच घालावी.' झालं. ज्याला आधीपासून येतं त्याला यातून काही नवीन कळत नाही, आणि ज्याला येत नाही त्याच्या हाती फक्त लापशी लागते. कारण 'नेहमीप्रमाणे' आमटी केली तर ती या पदार्थाला घट्ट पडते. कणीक पाणी पिते. आमटी सुरुवातीला इतकी पातळ हवी की पाहणाऱ्याला वाटावं, आज डाळ संपलेली दिसते.

आमच्याकडे चौघांचं माप असं आहे. वाटी 150 मिलीलीटरची. तूरडाळ 1 वाटी, मूठभर शेंगदाणे, हळद, हिंग आणि अडीच वाट्या पाणी, पाच लिटरच्या कुकरमध्ये थेट, आत डबा न ठेवता. शिट्ट्या होऊन कुकर आपोआप निवेपर्यंत कणीक मळायची: 2 वाट्या कणीक, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, चिमूटभर ओवा, मीठ, 2 चमचे तेल. पुरीला मळतो तशी घट्ट. कुकर उघडला की डाळ घोटायची आणि त्याच कुकरमध्ये साडेपाच वाट्या गरम पाणी घालायचं. काळा मसाला 2 चमचे, लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ, मीठ. फोडणी पळीत वेगळी करून वरून ओतायची. मोहरी, जिरं, कढीपत्ता आणि ठेचलेला लसूण, आठ-दहा पाकळ्या. लसूण तांबूस व्हायला हवा, पांढरा राहिला तर आमटीला उग्र वास येतो आणि काळा झाला तर कडू. एवढ्यानेच अर्धी चव येते असं आईचं मत आहे.

मग आईचं काम. ती खुर्चीवर बसते, पोळपाट टेबलावर. मी पोळी लाटून देतो, ती कातण्याने कापते. पोळी चपातीपेक्षा जरा जाड. सवयीने मी एकदा व्हर्नियर (कारखान्यात बारीक जाडी मोजतात ते साधन) लावून पाहिलं, दीड ते दोन मिलीमीटर भरली. यापेक्षा पातळ लाटली की तुकडे आमटीत विरतात, जाड राहिली की मधे कच्ची पीठूळ चव राहते. आई आधी सगळ्या उभ्या रेघा मारते, मग आडव्या तिरक्या, आणि पोळीच्या कडेचे जे वाकडेतिकडे त्रिकोण उरतात ते बाजूला काढून शेवटी टाकायला सांगते, कारण ते सगळ्यांत आधी शिजतात. तिला हे कोणी शिकवलं नाही, की शिकवलं होतं आणि ती विसरली, देव जाणे.

तुकडे सोडताना आमटीला खळखळून उकळी हवी, आणि ते एकेक करून, वेगवेगळ्या जागी टाकायचे. मूठभर एकदम टाकले की गोळा होतो आणि उकळीही बसते. सगळे टाकून झाले की आच मध्यम, झाकण अर्धं, 10 ते 12 मिनिटं, तळाला लागू नये म्हणून दोन-तीनदा उलथन्याने खालून हलवायचं. एक तुकडा काढून मधोमध कापायचा. आत पांढरी रेघ दिसली तर अजून वेळ आहे. वाढताना वरून साजूक तूप, कांदा बारीक चिरून, हवं तर लिंबू. रात्री साडेनऊपर्यंत हे सगळं घट्ट होऊन बसतं, तेव्हा गरम करताना अर्धी ते पाऊण वाटी उकळतं पाणी घालायचं. थंड पाणी घातलं तर तुकडे चिवट होतात.

संपादक महाराज, वरचं सगळं लिहायला मला जेवढी जागा लागली तेवढी आपल्या पानावर एका कृतीला मिळत नाही, हे मला कळतं. पण अर्ध्या पानावर जो फोटो असतो, पांढऱ्या बशीत ठेवलेल्या पदार्थावर पुदिन्याचं पान, तो पाव पान केला तर हे सहज बसेल. चकोल्यांचा फोटो चांगला येत नाही हेही खरं. पिवळट तपकिरी रंगात पिवळट तपकिरी तुकडे. खिचडी, पिठलं, शेंगोळे, सगळ्यांचीच तऱ्हा ती. आमच्या रात्रीच्या जेवणाला पानावर जागा न मिळण्याचं निम्मं कारण हेच असावं, अशी मला दाट शंका आहे.

आता मापाचं. टूलरूममध्ये ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल ते, लिहिलेला नसेल तर आम्ही जॉब मशीनवर चढवत नव्हतो. 'अंदाजे 20 मिलीमीटर' असं कोणी लिहून आणलं असतं तर ते ड्रॉइंग त्याच पावली परत गेलं असतं. स्वयंपाकात तेवढी काटेकोरी नको, मान्य. पण कृतीत 'एक वाटी' लिहिता तेव्हा ती वाटी केवढी? आमच्या मांडणीवरच्या वाट्या मी पाणी भरून मोजल्या. पत्नीच्या माहेरची भांडी आणि आमच्याकडची मिळून सगळ्यांत लहान 120 मिलीलीटरची निघाली आणि सगळ्यांत मोठी 180 ची. म्हणजे मोठी वाटी लहानीच्या दीडपट. साहित्यातलं सगळं त्याच एका वाटीने घेतलं तर प्रमाण बिघडत नाही, हे खरं. पण मग चार जणांना पुरेल म्हणता तेव्हा कुठल्या वाटीने? आणि त्याच कृतीत पुढे 'दोन चमचे मसाला' येतो तेव्हा तो चमचा वाटीबरोबर लहान-मोठा होत नाही. एक ओळ छापा, 'या पानावर वाटी म्हणजे 150 मिली, चमचा म्हणजे 5 मिली', आणि ती दर आठवड्याला तळाशी तशीच राहू द्या. एवढ्याने आमच्यासारख्यांचं पुष्कळ काम होईल.

माझी मेहुणी न्यू जर्सीत असते. तिला हा कॅसरोलचा किस्सा फोनवर सांगितला तर ती हसली आणि म्हणाली, भाऊजी, इकडे ही गोष्ट सुरू झाली ती घाईच्या दिवसासाठीच. मग तिने त्यांच्याकडच्या ग्रीन बीन कॅसरोलची हकिगत सांगितली, आणि मी पुढे वाचूनही काढली. तिच्याच राज्यातल्या कॅम्डेन शहरात कॅम्पबेल सूप कंपनीचं प्रयोगाचं स्वयंपाकघर होतं. तिथे डॉर्कस रायली या बाईंनी 1955 मध्ये ही कृती बसवली. अट एवढीच, की सर्वसाधारण अमेरिकन घरात जे हमखास असतं त्यातूनच पदार्थ व्हायला हवा. साहित्य फक्त सहा: फरसबी, मशरूम सूपचा डबा, दूध, सोया सॉस, मिरपूड आणि तळलेला कांदा. आधी वेगळा सॉस करायला नको, कारण डब्यातलं सूप हाच सॉस. सगळं भाजायच्या भांड्यातच कालवायचं आणि 350 फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या साधारण 175 अंशांवर, 25 मिनिटं. मग वर उरलेला कांदा पसरून आणखी 5 मिनिटं. आज तिकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाला हा पदार्थ लागतोच म्हणतात. बाईंच्या हस्ताक्षरातलं कृतीचं मूळ कार्ड 2002 मध्ये कंपनीने तिकडच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेमला दिलं. संशोधकांच्या दालनात फरसबीच्या भाजीचं कार्ड! मला तर फार बरं वाटलं. बाई 2018 मध्ये, वयाच्या 92 व्या वर्षी गेल्या.

कंपनीला सूप खपवायचं होतं, धर्मादाय काम चाललेलं नव्हतं, हे उघड आहे. तरी ती कृती टिकली याचं श्रेय मी मशरूमला देणार नाही. डबा एक म्हणजे एकच, दूध अमुक, आच अमुक, मिनिटं इतकी, आणि एकच भांडं म्हणजे खरोखर एकच. संध्याकाळी दमून आलेला माणूस ते कार्ड समोर ठेवून, डोकं न चालवता करू शकतो. आपल्या पानावरच्या कॅसरोलने चीज तेवढं उचललं आणि नेमकी ही शिस्त तिकडेच राहू दिली. मेहुणी रविवारी भांडं रचून फ्रिजमध्ये ठेवते आणि मंगळवारी शाळेतून आलेला मुलगा ते ओव्हनमध्ये सरकवतो. तिकडे भाड्याच्या घरातही ओव्हन शेगडीबरोबरच येतो, त्यामुळे हे जमतं. आमच्या बार्शीच्या घरी ते काम चुलीच्या वैलावर व्हायचं. मुख्य चुलीवर भाकरी चालायची आणि शेजारच्या वैलावर उरलेल्या धगीवर आमटीचं भांडं आपलं आपण रटरटत राहायचं, त्याकडे कोणी बघायला लागत नसे. आता ती जागा कुकरने घेतली आहे. तेव्हा रोजच्या कृती लिहायच्या तर कुकर धरून लिहा, कारण ओव्हन दहा घरांत एखाद्याकडे आणि कुकर नाही असं घर शोधावं लागेल. आणि कुकरची कृती लिहिताना तो किती लिटरचा तेही सांगा. डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून पाण्यासकट ते कुकरच्या निम्म्यापर्यंतच भरावेत असं कुकरसोबतच्या पुस्तिकेत असतं. तीन लिटरच्या कुकरमध्ये सहा जणांची खिचडी लावली की शिट्टीतून पिवळं पाणी उडून ओट्यामागच्या टाइल्सपर्यंत जातं.

खिचडीवरून तांदळाचं आठवलं. 'तांदूळ 2 वाट्या, पाणी 4 वाट्या' असं सरसकट छापतात. कुठला तांदूळ? नवा तांदूळ कमी पाणी घेतो, तोच वर्षभर मुरला की जास्त मागतो. दिवाळीनंतर बाजारात नवा आंबेमोहोर येतो, त्याला जुन्या कोलमचं पाणी घातलं तर मसालेभाताची पेज होते. आईला ती आवडते हा भाग वेगळा, तिच्यासाठी मी मुद्दाम एक वाटी पाणी वाढवतोच. पण मुलीला भात मोकळा लागतो. 'नव्या तांदळाला अर्धी वाटी पाणी कमी' एवढे सहा शब्द वाढवले तर शाई कितीशी जास्त लागेल?

वेळेच्या बाबतीत सगळ्यांत मोठी चलाखी साहित्याच्या यादीत होते. डाळिंब्यांची खिचडी हा मला अतिशय प्रिय पदार्थ. आमच्याकडचा नाही, कारखान्यातला एक अलिबागकडचा सहकारी डब्यात आणायचा. छापलेल्या कृतीत पहिलीच ओळ: 'सोललेले कडवे वाल 2 वाट्या'. आणि वर चौकटीत: 'वेळ 30 मिनिटे'. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड येईपर्यंत पुन्हा एक दिवस ठेवायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. दोन वाट्या वाल सोलायला एकट्या माणसाला अर्धा-पाऊण तास लागतो, सोबतीला गप्पा मारणारं कोणी असलं तर तास, कारण हात थांबतात. पदार्थ वाईट नाही, उत्तम आहे. पण तो बुधवारी रात्री सुचला तर शुक्रवारी खायचा आहे, हे वर चौकटीतच सांगा ना. आमच्याकडे सोमवारी वाल भिजत पडतात आणि बुधवारी खिचडी होते, आणि ज्या दिवशी होते त्या दिवशी खरोखरच कुकरला वीस मिनिटांवर वेळ लागत नाही. सोललेले वाल फ्रीजरमध्येही छान राहतात.

गोळाभाताचं तर नावच या भागात फारसं कोणाला माहीत नाही. विदर्भातला पदार्थ, पत्नीच्या माहेरचा. हरभरा डाळीच्या जाडसर पिठात तिखट, हळद, मीठ, जिरं आणि गरम तेलाचं मोहन घालून गोळे वळायचे आणि अर्धवट शिजलेल्या भातात अलगद खोचून झाकण ठेवायचं. भात आणि गोळे एकाच वाफेवर शिजतात. ताटात गोळा भातात कुस्करायचा आणि वर हिंग, मोहरी, सुक्या मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची, चमच्याने नाही, पळीने. इथे पत्नीचे आणि माझे मतभेद आहेत. माझ्या मते त्याला चिंचेचं सार हवंच, तिच्या मते फोडणीचं तेल पुरे, सार मागणाऱ्याला गोळाभात कळलेलाच नाही. आमच्याकडे दोन्ही होतं. मुलगी दोघांचं ऐकते आणि दही घेते. तिला सध्या प्रोटीनची काळजी पडलेली असते. तिला मी सांगितलं, तुझ्या पावडरच्या डब्यावर जे लिहिलंय ते थोडं आपल्या पातेल्यातही आहे. तूरडाळीत 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांतले दोन घटक. तांदूळ-गव्हाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत मेथिओनिन कमी असतं ते धान्यातून मिळतं. चकोल्या काय, खिचडी काय, गोळाभात काय, सगळीकडे डाळ आणि धान्य एका घासात येतं. तिला हे पटलं की माझ्या तोंडून मेथिओनिन ऐकून हसू आलं, हे नक्की सांगता येत नाही.

एक गोष्ट पत्नीने आवर्जून लिहायला सांगितली आहे, तिच्या पेशातली म्हणून. भाताचे पदार्थ शिजल्यावर ओट्यावर तासन्‌तास ठेवू नयेत. शिजूनही न मरणारे काही जंतू भातात असतात, ते कोमट भातात वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा उकळून जात नाही. म्हणून तिच्या वाटणीचा भात मी सपाट डब्यात पसरून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकतो, आणि गरम करतो तो एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत. सगळं पातेलं तीनदा गरम करायचं नाही, ज्याचं त्याचं काढून घ्यायचं. उरलेल्याचं काय करायचं, किती वेळ टिकतं, कशात ठेवायचं, हे पाककृतींच्या पानावर मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. रोजच्या जेवणात मात्र हा पहिला प्रश्न असतो.

हिवाळ्यात आई शेंगोळ्यांचा हट्ट धरते. हुलग्याचं पीठ, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, तळहातावर वळून केलेल्या कड्या, उकळत्या मसाल्याच्या पाण्यात शिजवलेल्या. त्याला वळायचा वेळ लागतो म्हणून तो शनिवारचा पदार्थ, इथे त्याची कृती देत नाही. पत्र आधीच लांबलं आहे.

आणखी एक बारीकशी विनंती. आपल्या पानावरच्या कृती 'मैत्रिणींनो' अशा हाकेने सुरू होतात. सकाळी मंडईत मेथी निवडून घेणारे आम्ही पाच-सहा निवृत्त पुरुष आहोत. त्यातले दोघे विधुर, एकाची सून रात्रपाळीला, एकाला नुसती हौस. आम्हीही ते पान वाचतो, कात्रणं ठेवतो आणि एकमेकांना देतो. 'मैत्रिणींनो' वाचून कोणी पान उलटवत नाही, पण नुसतं 'वाचकहो' लिहिलं तर बिघडणार काहीच नाही.

तर मागणी अशी. सणावाराचे पदार्थ छापा, अनारसे दर दिवाळीला छापता तसे छापत राहा, त्यांच्या पाककृतींचे स्वतंत्र विशेषांकही निघोत. पण दर रविवारी एक चौकट आठवड्यातल्या कुठल्याही रात्रीसाठी राखून ठेवा. एका पातेल्यात होणारा एकच पदार्थ, किती जणांचा, भांडं किती लिटरचं, आदल्या दिवशी काही करायचं असेल तर ते पहिल्या ओळीत, गॅस पेटवल्यापासून वाढेपर्यंतची मिनिटं, आणि उरलं तर काय. रविवारीच छापा, म्हणजे सोमवारी सकाळी मंडईतून येताना त्याप्रमाणे भाजी आणता येते. गुरुवारच्या अंकात छापाल तर आमचा आठवडा संपत आलेला असतो. कृतींना तोटा पडणार नाही. खानदेशातून, कोकणातून, मराठवाड्यातून, गोव्यातून वाचकांना त्यांच्या घरचा रात्रीचा एकेक पदार्थ पाठवायला सांगा, ढीग पडेल. चकोल्यांची कृती वर दिलीच आहे, ती हवी तशी कापून वापरा, फक्त पाण्याचं माप कापू नका. आणि पाठवणाऱ्यांना एवढी अट जरूर घाला, की आपल्या घरातली वाटी किती मिलीलीटरची आहे ते आधी मोजून कळवावं.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर
निगडी प्राधिकरण, पुणे